पदवी खरी आहे हे कोणी सांगायचं?

"सोबतच्या गुणपत्रिकेची सत्यता आपल्या कार्यालयीन नोंदींवरून पडताळून तसा अहवाल उलट टपाली पाठवावा, ही विनंती." या मजकुराची पत्रं आमच्या कॉलेजच्या ऑफिसात बारा महिने येतात. पूर्वी पाकिटातून यायची, आता बरीचशी ईमेलने येतात, पण मायना तोच. पाठवणारी कधी जिल्हा परिषद असते, कधी पुण्या-मुंबईची कंपनी, कधी कंपनीने नेमलेली पडताळणी एजन्सी. मी या ऑफिसात परीक्षा आणि विद्यार्थ्यांच्या नोंदींचं काम बघते. पत्र आलं की त्या वर्षाचं लेजर कपाटातून काढायचं, सीट नंबर शोधायचा, विषयवार गुण एकेक करून ताडायचे आणि "कार्यालयीन नोंदीप्रमाणे बरोबर आहे" असं पत्र टाइप करायचं. मग प्राचार्यांची सही, गोल शिक्का, जावक क्रमांक. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या ज्या परीक्षा कॉलेजने घेतल्या त्यांचं आम्ही सांगायचं, शेवटच्या वर्षाचं आणि पदवीचं विद्यापीठाने.

हे काम मला आवडतं. लेजरमधली एक ओळ म्हणजे कोणाची तरी वर्षभराची मेहनत असते, आणि ती ओळ सापडली की त्या मुलाची नोकरी पक्की होणार असते. पण एक गोष्ट मनाला फार लागते. अभ्यास मुलाने केला, परीक्षा त्याने दिली, पदवीचा कागद त्याच्या हातात आहे, तरी तो कागद खरा आहे हे तो स्वतः दाखवू शकत नाही. त्यासाठी आमचं कपाट उघडावं लागतं. मी रजेवर असले, परीक्षांचा हंगाम असला, निवडणुकीच्या ड्यूटीवर निम्मं ऑफिस गेलेलं असलं, तर त्याची नोकरी तेवढे दिवस थांबते. ही अडचण ब्लॉकचेन हे तंत्र सोडवू शकेल का, हे मला इथे सांगायचं आहे.

आमच्या खेड, दापोली, मंडणगड, चिपळूण या पट्ट्यात कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी आखातात असतं, म्हणून या अडचणीचं सगळ्यात मोठं रूप मी इथे बघते. दुबईला नोकरी लागली की आधी विद्यापीठाची पडताळणी, मग राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या दूतावासाचा, आणि तिकडे पोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा. रसायनशास्त्राची आमची एक माजी विद्यार्थिनी तिथल्या प्रयोगशाळेत लागली. सुट्टीवर आली तेव्हा तिने पदवी उलटी करून दाखवली. मागची बाजू स्टिकर आणि शिक्क्यांनी भरून गेली होती. वडील रिक्षा चालवतात. या सगळ्या पायऱ्यांवर गेलेला पैसा त्यांनी कसा उभा केला ते ती सांगत होती आणि मला काही बोलता आलं नाही.

अपोस्टिल म्हणजे करारातल्या सगळ्या देशांनी मान्य केलेला एकच शिक्का. भारत 2005 पासून अपोस्टिलच्या करारात आहे, त्यामुळे करारातल्या देशांसाठी दूतावासाची पायरी वाचते. 2022 मध्ये सौदी अरेबियाही करारात आला, हा आमच्याकडच्या मुलांना मोठा दिलासा. पण अपोस्टिल असो की दूतावासाचा शिक्का, तो नेमकं काय सांगतो हे बारकाईने बघा. तो सांगतो की याच्या आधीची सही आणि शिक्का खरा आहे. त्या सहीच्या आधी जी होती तिची खात्री आधीच्या अधिकाऱ्याने दिलेली असते. मुलीला रसायनशास्त्रात किती गुण पडले हे फक्त लेजर बघणाऱ्याने पाहिलं. पुढचे सगळे जण एकमेकांच्या सह्या बघत गेले.

या विषयात मी खोल शिरले ती 2021 च्या पुरानंतर. 22 जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं आणि बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत चढलं. पाणी ओसरल्यावर सगळीकडे चिखल. आधी माणसं, मग धान्य, मग दुकानं, आणि काही आठवड्यांनी लोकांना कागद आठवले. सातबाऱ्याची नक्कल मिळते, रेशनकार्ड पुन्हा निघतं. पदवीची दुय्यम प्रत काढायची तर पोलिसांत तक्रार, प्रतिज्ञापत्र, फी, आणि मग वाट. आमच्या ऑफिसातली खालच्या फळीवरची लेजरं भिजली होती. आम्ही पानं एकेक करून सुटी केली, पंख्याखाली वाळवली, मध्ये कोरे कागद घातले. बॉलपेनने लिहिलेलं बरंच वाचलं. शाईच्या पेनाने लिहिलेली जुनी पानं निळी होऊन गेली.

म्हणजे मुलाकडचा कागद गेला आणि तो खरा ठरवणारी आमची नोंदही गेली, दोन्ही एकाच रात्रीत, एकाच पाण्यात. ज्याच्या बाबतीत असं झालं त्याने कुठे जायचं?

याचं एक उत्तर मला ब्लॉकचेनमध्ये दिसलं. पण ब्लॉकचेन म्हटलं की लोकांना बिटकॉइन आणि बुडालेले पैसे आठवतात. आमच्या स्टाफरूममध्येही पहिली प्रतिक्रिया हीच होती. म्हणून मी जसं समजून घेतलं तसं लिहिते.

समजा एका गुणपत्रिकेची संगणकावर फाइल आहे. एक ठरावीक गणिती रीत आहे, एसएचए-256 नावाची. ती त्या फाइलवर चालवली की 64 अंक-अक्षरांची एक ओळ मिळते. तिला हॅश म्हणतात. तीच फाइल जगात कुठल्याही संगणकावर घातली तरी ओळ तीच येते. पण फाइलमध्ये 54 चे 64 केले, एक स्वल्पविराम जरी हलवला, तरी संपूर्ण ओळ बदलते, आणि ती इतकी बदलते की आधीच्या ओळीशी तिचं नातं दिसत नाही. ओळीवरून उलटं जाऊन गुणपत्रिका काढता येत नाही. आमच्या कॉम्प्युटर लॅबच्या सरांनी हे मला विंडोजमध्येच करून दाखवलं, वेगळं काही घ्यावं लागलं नाही. त्या दिवशी मी घरी जाऊन रात्री उशिरापर्यंत फायलींचे हॅश काढत बसले होते.

आता एका वर्षाच्या हजारो गुणपत्रिकांचे हजारो हॅश झाले. त्यांच्या जोड्या लावायच्या, प्रत्येक जोडीचा मिळून पुन्हा एक हॅश, त्या हॅशांच्या पुन्हा जोड्या, असं करत वर गेलं की शेवटी एकच ओळ उरते. राल्फ मर्कल या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाची ही 1979 सालची कल्पना. ती एकच ओळ ब्लॉकचेनवर नोंदवायची. ब्लॉकचेन म्हणजे ज्याची प्रत हजारो संगणकांवर एकाच वेळी असते आणि ज्यात मागची नोंद कोणाला एकट्याने खोडता येत नाही असं नोंदपुस्तक. विद्यार्थ्याला त्याची फाइल मिळते, आणि तिच्यासोबत त्याच्या हॅशपासून त्या शेवटच्या ओळीपर्यंत कसं पोचायचं याची वाट मिळते. दुबईतल्या कंपनीने ती फाइल तपासणीच्या पानावर टाकली की संगणक तेवढा हिशेब करतो आणि नोंदवलेल्या ओळीशी जुळवतो. जुळलं तर अमुक संस्थेने अमुक तारखेला दिलेली हीच ती गुणपत्रिका, एक अक्षरही बदललेलं नाही. आमचं कपाट उघडायची गरज नाही. आमचं ऑफिस पाण्यात असलं तरी चालतं.

नाव, गुण, जन्मतारीख यातलं काहीही ब्लॉकचेनवर जात नाही आणि जाताही कामा नये. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माणसाला आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क दिला आहे, आणि जिथे खोडताच येत नाही तिथे माणसाचं नाव लिहिणं म्हणजे त्या हक्कावर पाणी सोडणं. फाइल विद्यार्थ्याकडे, ओळ साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, एवढंच.

हे नुसतं कागदावर राहिलेलं नाही. सायप्रसमधल्या निकोसिया विद्यापीठाने 2014 मध्ये आपल्या एका अभ्यासक्रमाच्या प्रमाणपत्रांची नोंद बिटकॉइनच्या साखळीवर केली. अमेरिकेतल्या एमआयटीने 2017 मध्ये 111 पदवीधरांना कागदी पदवीबरोबर अशी डिजिटल पदवी दिली. त्यासाठी वापरलेलं ब्लॉकसर्ट्स हे तंत्र त्यांनी लर्निंग मशीन नावाच्या कंपनीबरोबर बनवलं होतं आणि ते सगळ्यांसाठी खुलं ठेवलं होतं. पुढे 2020 मध्ये ती कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली, पण पदवी तपासण्याची रीत खुली असल्यामुळे ती कंपनीच्या मालकीबरोबर विकली गेली नाही. सिंगापूरने 2019 मध्ये ओपनसर्ट्स सुरू केलं आणि आपल्या पॉलिटेक्निक, आयटीई ही तंत्रशिक्षण संस्था आणि विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या सगळ्या मुलांना त्यात घेतलं. एका देशाने सगळ्या मुलांसाठी एकदम केलं, हे मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

आपल्याकडे 2021 हे वर्ष महत्त्वाचं ठरलं. महाराष्ट्राच्या कौशल्य विकास मंडळाने लेजिटडॉक या कंपनीच्या साहाय्याने पदविका प्रमाणपत्रं इथेरियमच्या साखळीवर नोंदवायला घेतली. सीबीएसईने एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या मदतीने निकालाच्या कागदपत्रांसाठी अशीच सोय केली, तिची नोंदकेंद्रं बेंगळुरू, जयपूर आणि आपल्या पुण्यात आहेत. त्याच वर्षी 28 डिसेंबरला आयआयटी कानपूरच्या पदवीदान समारंभात पंतप्रधानांच्या हस्ते ब्लॉकचेनवरच्या पदव्या दिल्या गेल्या. आणि 2022 मध्ये गडचिरोलीतल्या एटापल्लीत 65,000 जातीचे दाखले पॉलिगॉन या साखळीवर नोंदवण्याचं काम हाती घेण्यात आलं. मला ही एटापल्लीची बातमी सगळ्यांत जवळची वाटली. ज्या माणसाला एका दाखल्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला यावं लागतं, त्याचा दाखला पुन्हा कोणी संशयाने बघू नये यासाठी नवं तंत्र तिथे आधी पोचलं.

माझे एक वरिष्ठ सहकारी विचारतात, डिजिलॉकर असताना याची गरज काय? प्रश्न रास्त आहे. डिजिलॉकर 2015 पासून आहे, त्यातला कागद कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीचा आहे. पदव्या आणि गुणपत्रिका डिजिटल रूपात जपणाऱ्या राष्ट्रीय शैक्षणिक डिपॉझिटरीला 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आणि 2020 पासून ती डिजिलॉकरवरच आहे. 2021 मध्ये विद्यार्थ्याचे शैक्षणिक क्रेडिट साठवणारी क्रेडिट बँक आली, त्यानंतर प्रत्येक विद्यार्थ्याची ओळख म्हणून 12 आकड्यांचा अपार क्रमांक आला. पुण्यातल्या नोकरीसाठी डिजिलॉकरमधली गुणपत्रिका पुरेशी आहे आणि मी प्रत्येक मुलाला ती आधी उतरवून घ्यायला सांगते. ब्लॉकचेनची गरज तीन जागी लागते असं मला माझ्या टेबलावरून दिसतं. तपासणारा परदेशात असतो आणि आपल्या सरकारी व्यवस्थेवर विसंबण्याचं त्याला काही कारण नसतं. पदवी देणारी संस्था काही वर्षांनी बंद पडते आणि विचारायला कोणी उरत नाही. आणि तिसरी जागा सगळ्यांत नाजूक, जिथे नोंद ठेवणाराच नोंद बदलतो.

तिसऱ्या जागेचं उदाहरण महाराष्ट्राने फार कडवटपणे पाहिलं आहे. शिक्षक पात्रता परीक्षेचा, टीईटीचा गैरव्यवहार 2021 च्या अखेरीस पुणे पोलिसांच्या तपासात बाहेर आला. 2019-20 च्या परीक्षेत साडेसात हजारांहून जास्त उमेदवार गैरमार्गाने पात्र ठरल्याचं निष्पन्न झालं आणि पुढच्या वर्षी राज्य परीक्षा परिषदेने त्यांच्यावर कारवाई केली. त्यात दोन प्रकार होते. काही जणांना थेट बनावट प्रमाणपत्रं मिळाली होती. बाकीच्यांचे गुणच बदलून त्यांना निकालात पात्र दाखवलं गेलं होतं.

ब्लॉकचेन पहिला प्रकार त्याच क्षणी पकडेल. कारण बनावट कागदाचा हॅश कुठल्याही नोंदीशी जुळणार नाही. दुसरा प्रकार ती पकडू शकत नाही. गुण आधीच बदलले असतील तर साखळी तो बदललेला आकडा तितक्याच इमानाने जपून ठेवील, आणि जगभर कोणी तपासला तरी तो "खरा" म्हणून सांगेल. म्हणून माझं ठाम मत आहे की प्रमाणपत्र साखळीवर नेऊन थांबायचं नाही. उत्तरपत्रिका तपासून गुण पहिल्यांदा जिथे लिहिले जातात, त्या संध्याकाळी त्या गुणयादीचा हॅश काढून नोंदवला पाहिजे. मग पुनर्मूल्यांकनात गुण बदलले तर तो बदल दुसरी नोंद म्हणून दिसेल, तारखेसह. मधल्या मध्ये कोणी हात घातला तर तोही दिसेल. अभ्यास करून टीईटी पास झालेल्या मुलांनी त्या काळात किती अपमान सोसला ते मी पाहिलं आहे. आमच्याच दोन माजी विद्यार्थिनी होत्या, स्वतःच्या मेहनतीवर पात्र झालेल्या, आणि ओळखीचे लोक त्यांनाही विचारायचे, "तुमचं खरं ना?"

आता ज्या गोष्टीवर मी गेली काही वर्षं खरोखर डोकं घालते आहे तिच्याकडे येते. नाव.

साखळीवर गेलेलं खोडता येत नाही, दुरुस्ती करायची तर जुनं प्रमाणपत्र रद्द म्हणून जाहीर करायचं आणि नवं द्यायचं. म्हणजे चूक आत जाण्याआधीच पकडली पाहिजे. आणि आपल्याकडे सगळ्यांत जास्त चुका नावात असतात. सावंत हे आडनाव इंग्रजीत एका कागदावर व्हीने असतं, दुसऱ्यावर डब्ल्यूने. चव्हाणांची तर किती रूपं सांगू! कोणाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. आईचं नाव एका जागी आहे, दुसऱ्या जागी नाही. लग्नानंतर नाव बदललेली मुलगी राजपत्राची प्रत घेऊन येते आणि पदवीवर मात्र माहेरचं नाव असतं. अपार क्रमांक काढताना शाळेतलं नाव आणि आधारवरचं नाव जुळलं नाही की काम अडतं, हे शाळांनी अनुभवलं आहे. आणि शाळा सोडून गेलेल्या मुलाची जनरल रजिस्टरमधली नोंद बदलायची तर शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत जावं लागतं. पहिलीत गुरुजींनी किंवा बाईंनी जे लिहिलं ते दहावीच्या गुणपत्रिकेवर आलं, तेच आमच्याकडे आलं, तेच पदवीवर गेलं.

मराठी लिपीची यात एक स्वतंत्र अडचण आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलताना मला दिसत नाही. कऱ्हाडकर किंवा वऱ्हाडे हे आडनाव युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरांच्या ठरलेल्या पद्धतीत, टाइप करा. "ऱ्हा" मधला तो र दोन रीतींनी लिहिता येतो. एकात खालच्या बिंदूचा ऱ घेऊन त्याला हलन्त जोडतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. डोळ्यांत तेल घालून बघितलं तरी फरक कळणार नाही. पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावं आहेत आणि त्यांचे हॅश पूर्ण वेगळे. विद्यार्थ्याने मिळालेली फाइल जशीच्या तशी पाठवली तर काही अडत नाही. पण कोणी नोंदीतून नाव पुन्हा टाइप करून, नव्याने फाइल बनवून जुळवायला गेला, की खऱ्या मुलाचं खरं प्रमाणपत्र "जुळत नाही" म्हणून परत येईल. गोऱ्हे, कोऱ्हाळे, वऱ्हाडे, या लोकांनी काय पाप केलं?

त्यातच आपल्या ऑफिसांमधला जुना डेटा युनिकोडमध्ये नाही. वर्षानुवर्षं आपण श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये काम केलं, तिथे पडद्यावर दिसणारं अक्षर आणि आत साठवलेलं अक्षर यांचा मेळ प्रत्येक फॉन्टचा वेगळा. तो डेटा रूपांतरित करताना जोडाक्षरं तुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. मी रूपांतर केलेली एक यादी तपासली तर "धर्माधिकारी" ओळखू येत नव्हते. ही यादी तशीच साखळीवर गेली असती तर ते रूप कायमचं झालं असतं. विद्यापीठांनी, मंडळांनी एक नियम ठरवून द्यायला हवा की देवनागरी नाव कुठल्या रीतीने साठवायचं, आणि सॉफ्टवेअर देणाऱ्या प्रत्येक कंपनीला तो बंधनकारक करायला हवा. हे काम इंग्रजीत विचार करणारा कोणी आपल्यासाठी करून देणार नाही, कारण त्याला ही अडचण येतच नाही.

कंपन्यांचं निघालंच आहे तर. हल्ली कॉलेजांना ब्लॉकचेनची सेवा देऊ करणारे फोन येतात. बोलणं छान असतं, माहितीपत्रक रंगीत असतं. मी त्यांना एकच विचारते. उद्या तुमची कंपनी बंद झाली तर आमच्या विद्यार्थ्याचं प्रमाणपत्र तुमच्याशिवाय तपासता येईल का? काही जण सरळ हो म्हणतात आणि रीत समजावून सांगतात. काही जण विषय बदलतात, कारण त्यांच्या साखळीतले सगळे संगणक त्यांचेच असतात. सगळ्या प्रती एकाच मालकाच्या घरात असतील तर ते त्याचं खाजगी दप्तरच झालं. त्याला साखळी म्हणण्यात अर्थ नाही.

आणि किल्ली. संस्थेची एक गुप्त डिजिटल किल्ली असते, तिने सही झाली की ते प्रमाणपत्र संस्थेचं. ही किल्ली म्हणजे आमचा गोल शिक्काच. शिक्का प्राचार्यांच्या कपाटात कुलपात असतो, तो कोणाच्या हाती आहे हे ऑफिसातल्या प्रत्येकाला माहीत असतं. डिजिटल किल्लीचं तसं होत नाही. कोणीतरी तरुण मुलगा कंत्राटावर येतो, व्यवस्था उभी करतो, किल्ली त्याच्या लॅपटॉपमध्ये राहते, कंत्राट संपतं. किल्ली हरवली तर संस्थेला सही करता येणार नाही, चोरीला गेली तर चोर संस्थेच्या नावाने पदव्या वाटेल, आणि त्या पदव्या तपासणीत खऱ्या ठरतील. म्हणून किल्ली एका माणसाकडे असू नये, दोघा-तिघांच्या संमतीशिवाय सही होऊ नये, आणि किल्ली कोणाकडून कोणाकडे गेली याची नोंद चार्ज देताना-घेताना लेखी व्हावी. सरकारी ऑफिसात चार्जची यादी करण्याची पद्धत आपल्याला चांगली माहीत आहे. तीच इथे लावायची.

विद्यार्थ्याच्या बाजूने अजून एक मागणी मला करायची आहे. पदवी मागणाऱ्याला पदवी दाखवावी, सगळी कुंडली कशाला? आज गुणपत्रिका दिली की दुसऱ्या सत्रातली एटीकेटीही दिसते, आईचं नावही दिसतं. वेबची मानकं ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या संस्थेने 2019 मध्ये अशा डिजिटल दाखल्यांसाठी खुलं मानक केलं, त्यात हवी तेवढीच माहिती दाखवण्याची सोय ठेवता येते. बी.एस्सी. झाली आहे, वर्ष अमुक, श्रेणी अमुक, बस. वडिलांच्या आजारपणात एका सत्रात नापास झालेल्या मुलाला दर मुलाखतीत त्याचा खुलासा करायला लागू नये.

आमच्या कॉलेजात अजून साखळी आलेली नाही. विद्यापीठ जेव्हा ठरवेल तेव्हा ती येईल. तोवर आमची नोंद स्वच्छ करणं आमच्या हातात आहे, आणि ते आम्ही सुरू केलं आहे. प्रवेशाच्या वेळी मुलाचं नाव, आईचं नाव, मराठीत आणि इंग्रजीत छापून त्याच्यासमोर ठेवतो. तो वाचतो, दहावीच्या गुणपत्रिकेशी आणि आधारशी ताडतो, मग सही करतो. जिथे फरक निघतो तिथे पहिल्याच वर्षी दुरुस्तीला पाठवतो, तिसऱ्या वर्षाची वाट बघत नाही. सुरुवातीला खिडकीवर रांग वाढली म्हणून कुरकुर झाली. आता पालकच नीट वाचून बघतात, अनेकदा आईचं नाव आईच दुरुस्त करून देते.

जुनी लेजरंही आम्ही युनिकोडमध्ये उतरवतो आहोत. एक जण वाचतो, दुसरा टाइप करतो, तिसरा छापील प्रत मूळ पानाशी ताडतो. पुरात निळी झालेली पानं शेवटी ठेवली आहेत. त्यांच्यासाठी मला तुमची मदत हवी आहे. तुम्ही आमच्याकडे शिकला असाल आणि पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाची मूळ गुणपत्रिका तुमच्याकडे शाबूत असेल, तर ऑफिसात घेऊन या. आम्ही ती स्कॅन करून तिथल्या तिथे परत देतो. तुमच्या पुढच्या वर्षाच्या प्रवेश अर्जाला जोडलेली तेव्हाची झेरॉक्स वरच्या मजल्यावरच्या फायलींमध्ये असते. दोन्ही जुळल्यावरच नोंद लिहिली जाते आणि त्यावर दोघांच्या सह्या होतात. आखातात असाल तर सुट्टीवर याल तेव्हा आणा, किंवा घरच्यांकडे द्या. दुपारच्या जेवणाची सुट्टी सोडून सोमवार ते शुक्रवार मी तिथेच असते.